अंतराळ स्थानकाची रसद : ‘एस. एस. कल्पना चावला’ यानाची सविस्तर माहिती

कल्पना चावला यांचं नाव दिलेलं एक मालवाहू यान २०२० साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर साडेतीन टन माल पोहोचवून आलं. हे यान सरकारचं नव्हतं, खासगी कंपनीचं होतं. स्थानकाची मालवाहतूक खासगी कंपन्यांकडे का गेली, एका किलोला भाडं किती पडतं, माल पोहोचलाच नाही तर काय होतं आणि या सगळ्याचा कल्पना चावला यांच्या अपघाताशी काय संबंध आहे, याची ही माहिती.

थोडक्यात

- मोहीम : एनजी-१४, यानाचा प्रकार सिग्नस
- यानाचं नाव : एस. एस. कल्पना चावला
- कंपनी : नॉर्थ्रॉप ग्रमन (अमेरिका), ग्राहक : नासा
- उड्डाण : २ ऑक्टोबर २०२० रात्री (भारतात ३ ऑक्टोबर, सकाळी ६.४६)
- तळ : वॉलॉप्स बेट, व्हर्जिनिया, रॉकेट : अंटारेस
- स्थानकावर दाखल : ५ ऑक्टोबर २०२०
- माल : सुमारे साडेतीन टन
- स्थानक सोडलं : ६ जानेवारी २०२१
- शेवट : २६ जानेवारी २०२१ रोजी वातावरणात जाळून नष्ट

काय घडलं होतं?

उड्डाण खरं तर एक दिवस आधी व्हायचं होतं. १ ऑक्टोबरच्या रात्री उलटी गणती २ मिनिटं ४० सेकंदांवर आली असताना जमिनीवरच्या यंत्रणेत अडचण आली आणि रॉकेट जागेवरच थांबवलं गेलं. दुसऱ्या रात्री ते सुटलं आणि नवव्या मिनिटाच्या आसपास यान कक्षेत मोकळं झालं.

यान आणि रॉकेट या दोघांचीही नावं आकाशातली आहेत. अंटारेस म्हणजे आपल्याकडचा ज्येष्ठा नक्षत्रातला लालसर ठळक तारा. ज्या नक्षत्रावर घरोघरी गौरीपूजन होतं, तेच हे नक्षत्र. सिग्नस म्हणजे हंस तारकासमूह. नॉर्थ्रॉप ग्रमनचा रिवाज असा की प्रत्येक सिग्नसला मानवी अंतराळ प्रवासासाठी काम केलेल्या एखाद्या दिवंगत व्यक्तीचं नाव द्यायचं. चौदाव्या फेरीला नाव मिळालं ते हरियाणातल्या करनालला जन्मलेल्या कल्पना चावला यांचं.

स्थानकाला रसद का लागते?

अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. मुंबई ते वडोदरा रेल्वेने जेवढं अंतर, जवळपास तेवढंच. अडचण अंतराची नाही, वेगाची आहे. स्थानक ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती दिवसाला सोळा फेऱ्या मारतं. तिथे माल द्यायचा तर मालवाहू यानालाही तोच वेग गाठावा लागतो. रॉकेटचं बहुतेक इंधन उंची गाठण्यापेक्षा हा वेग मिळवण्यातच खर्ची पडतं.

नोव्हेंबर २००० पासून या स्थानकावर सतत माणसांचा मुक्काम आहे. तिथे लघवी आणि घामाची वाफ शुद्ध करून पुन्हा पिण्याचं पाणी बनवतात, पाण्यातूनच ऑक्सिजन काढतात. तरीसुद्धा अन्न, कपडे, औषधं, सुटे भाग, प्रयोगांचं सामान आणि थोडंफार पाणी खालूनच न्यावं लागतं. तिथे कपडे धुण्याची सोय नाही. वापरून झालेले कपडे सरळ कचऱ्यात जातात. म्हणून नवे कपडेही रसदीचा भाग असतात.

महिनाभराचा किराणा भरलेल्या घरासारखी स्थानकाची व्यवस्था असते. रोजच्या वापराला लागेल तेवढं असतंच, शिवाय काही महिने पुरेल इतका शिल्लक साठा ठेवला जातो. ठरलेली एखादी फेरी चुकली तर या साठ्यातून भागवायचं, असा हिशेब असतो.

कोलंबियाचा अपघात आणि दोनच माणसांचं स्थानक

या स्थानकाची सुरुवातीची मोठी मालवाहतूक अमेरिकेच्या स्पेस शटलवर अवलंबून होती. शटल एका खेपेत रशियाच्या प्रोग्रेस या मालवाहू यानाच्या कित्येक पट माल नेत असे. प्रोग्रेसची क्षमता अडीच टनांच्या आसपास.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे शटल सोळा दिवसांची मोहीम आटोपून परतत होतं. उतरायला सोळा मिनिटं बाकी असताना टेक्सासच्या आकाशात त्याचे तुकडे झाले. १६ जानेवारीला उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधन टाकीवरचा फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. तिथे पडलेल्या छिद्रातून परतीच्या वेळी तप्त वायू आत शिरला. कमांडर रिक हसबंड, वैमानिक विल्यम मॅककूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क, इस्रायलचे इलान रामोन आणि कल्पना चावला असे सातही जण मृत्यू पावले.

त्यानंतर अडीच वर्षं शटल जमिनीवरच राहिलं. स्थानकावर तेव्हा तीन जण राहत होते. रसद तुटल्यामुळे ही संख्या दोनवर आणली गेली आणि ती २००६ च्या जुलैपर्यंत बहुतांश काळ तशीच राहिली. दोन माणसांनी स्थानक फक्त चालू ठेवायचं, बाकी संशोधन जमेल तेवढंच, अशी वेळ आली.

२००४ च्या अखेरीस तर अन्नसाठा इतका खाली गेला की लिरॉय चियाओ आणि सलिझान शारिपोव्ह या दोघांना रोजचं खाणं कमी करावं लागलं. २४ डिसेंबरला सुटलेलं प्रोग्रेस यान नाताळात स्थानकाला येऊन लागलं आणि प्रश्न सुटला. ते पोहोचलं नसतं तर दोघांना स्थानक रिकामं करून परतावं लागण्याची वेळ होती. एकाच वाहनावर अवलंबून राहण्याचा धोका त्या दोन वर्षांत अगदी उघड झाला.

खासगी वाहतूकदार कसे आले?

जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर केलं की स्थानकाचं बांधकाम पूर्ण करून २०१० च्या सुमारास शटल निवृत्त करायचं. प्रत्यक्षात शेवटची फेरी जुलै २०११ मध्ये झाली. प्रश्न उरला तो पुढे माल कोण नेणार याचा.

२००६ मध्ये नासाने नवी योजना आणली. तोपर्यंतची रीत अशी होती की यानाचा आराखडा सरकार ठरवणार, कंपनी ते बांधणार, झालेला खर्च आणि वर नफा सरकार देणार. खर्च वाढला तर तोही सरकारच्याच डोक्यावर. नव्या योजनेत नासाने सांगितलं की यान तुमचं, रॉकेट तुमचं, थोडं भांडवल आम्ही घालू, बाकीचं तुम्ही उभं करा. शिवाय पैसे टप्प्याटप्प्याने, ठरलेलं काम करून दाखवल्यावरच.

ही अट नुसती कागदावर नव्हती. सुरुवातीला निवडलेल्या दोन कंपन्यांपैकी रॉकेटप्लेन किस्लर या कंपनीला आपल्या वाट्याचं भांडवल जमवता आलं नाही. नासाने २००७ मध्ये तिचा करार संपवला आणि उरलेल्या निधीतून फेब्रुवारी २००८ मध्ये ऑर्बिटल सायन्सेस या कंपनीला घेतलं. दुसरी कंपनी स्पेसएक्स. याच ऑर्बिटल सायन्सेसचं विलीनीकरणानंतर ऑर्बिटल एटीके झालं आणि २०१८ मध्ये ती कंपनी नॉर्थ्रॉप ग्रमनने विकत घेतली.

मे २०१२ मध्ये स्पेसएक्सचं ड्रॅगन स्थानकाला जोडलं गेलं. तिथे पोहोचलेलं ते पहिलं खासगी यान. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कराराची पहिली नियमित फेरी आली, तेव्हा ड्रॅगनला यांत्रिक हाताने धरण्याच्या कामात जपानचे अकिहिको होशिदे यांच्याबरोबर सुनीता विल्यम्स होत्या. पहिलं सिग्नस सप्टेंबर २०१३ मध्ये पोहोचलं.

भाड्याचा हिशेब

२३ डिसेंबर २००८ रोजी नासाने मालवाहतुकीचे दोन करार केले. स्पेसएक्सला १२ फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलर, ऑर्बिटलला ८ फेऱ्यांसाठी १९० कोटी डॉलर. दोघांनी प्रत्येकी किमान २० टन माल पोहोचवायचा.

साधा भागाकार केला तर स्पेसएक्सचा दर किलोला ८० हजार डॉलर पडतो आणि ऑर्बिटलचा ९५ हजार डॉलर. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर अनुक्रमे ६८ लाख आणि सुमारे ८१ लाख रुपये किलो. पाण्याची एक लिटरची बाटली वर न्यायची म्हटली तरी भाडं हेच. लघवीचं पाणी शुद्ध करून पुन्हा प्यायची पद्धत तिथे का रुळली, हे या आकड्यावरून समजतं.

मग स्वस्त कंपनीलाच सगळं काम का दिलं नाही? एका ट्रान्सपोर्टवाल्यावर पूर्ण धंदा सोपवला आणि त्याची गाडी बंद पडली तर माल गोदामातच अडकतो, हे कोणताही व्यापारी जाणतो. नासाने ते २००३ नंतर अनुभवलंच होतं. म्हणून वेगळी कंपनी, वेगळं रॉकेट, वेगळं इंजिन आणि वेगळा तळ, असे दोन स्वतंत्र मार्ग मुद्दाम ठेवले. दरातला फरक ही एका अर्थाने विम्याच्या हप्त्याची रक्कम होती.

आठ महिने, तीन अपघात

हा विमा कामी यायला फार काळ लागला नाही.

२८ ऑक्टोबर २०१४ रोजी वॉलॉप्सहून सुटलेलं अंटारेस पंधराएक सेकंदांत स्फोट होऊन खाली कोसळलं. त्यात जुन्या सोव्हिएत बनावटीची, दुरुस्त करून घेतलेली इंजिनं होती. २८ एप्रिल २०१५ रोजी रशियाचं प्रोग्रेस यान कक्षेत पोहोचता पोहोचता भरकटलं आणि काही दिवसांनी वातावरणात जळून गेलं. २८ जून २०१५ रोजी स्पेसएक्सचं फाल्कन-९ उड्डाणानंतर १३९ सेकंदांनी फुटलं. दुसऱ्या टप्प्याच्या टाकीतली हेलियमची बाटली धरून ठेवणारा आधार तुटल्याचं चौकशीत पुढे आलं.

आठ महिन्यांत तीन वेगवेगळ्या वाहनांची तीन खेपांची रसद गेली. तिन्ही यानांत माणूस नव्हता, त्यामुळे जीवितहानी झाली नाही. पण साठा झपाट्याने खाली येत होता. जुलैच्या सुरुवातीला दुसरं प्रोग्रेस सुखरूप पोहोचलं आणि ऑगस्टमध्ये जपानचं मालवाहू यान आलं, त्यामुळे स्थानक रिकामं करायची वेळ आली नाही. २००४ साली एका वाहनावर सगळं लटकलं होतं. २०१५ साली तीन वाहनं अडखळली तरी काम चालू राहिलं.

ऑर्बिटलने त्यानंतर अंटारेसची इंजिनं बदलली. दरम्यानच्या काळात स्वतःचं सिग्नस यान दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅटलस रॉकेटवरून पाठवून कराराचा माल पोहोचवला. आपली गाडी गॅरेजमध्ये असेल तर दुसऱ्याची भाड्याने घ्यायची, पण माल वेळेत द्यायचा, असाच हा प्रकार.

एका यानात किती देश?

२०२० सालच्या या फेरीतली सामग्री पाहिली तर एका देशाचं यान म्हणणंच अवघड होतं. अंटारेसच्या पहिल्या टप्प्याची दोन्ही इंजिनं रशियाची, त्या टप्प्याची टाकी युक्रेनमध्ये बनलेली. सिग्नसचा माल भरायचा बंद डबा इटलीतल्या तुरीन शहरात तयार झालेला. मागचा, म्हणजे इंजिन, सौर पंख आणि नियंत्रण यंत्रणा असलेला भाग अमेरिकेचा. आणि वर यानाला धरणारा यांत्रिक हात कॅनडाचा.

मालाच्या डब्यात सुमारे २७ घनमीटर जागा असते. बंदरावर दिसणाऱ्या वीस फुटी कंटेनरपेक्षा थोडी कमी. माल कापडी पिशव्यांत भरून पट्ट्यांनी घट्ट बांधतात. उड्डाणाच्या हादऱ्यात काही हलू नये आणि वजन एका बाजूला जाऊ नये, हे लोडिंग करतानाच पाहावं लागतं.

यांत्रिक हात आणि १९९७ चा प्रसंग

सिग्नस स्थानकाला स्वतःहून जोडलं जात नाही. ते सावकाश जवळ येतं आणि दहा-बारा मीटरवर थांबतं. दोघंही ताशी २८ हजार किलोमीटर वेगाने धावत असतात, पण एकमेकांच्या हिशेबाने जवळजवळ स्थिर असतात. मग स्थानकावरचा अंतराळवीर सुमारे साडेसतरा मीटर लांबीचा यांत्रिक हात चालवून यानाची पकडायची खूण धरतो. त्यानंतर जमिनीवरचे नियंत्रक तोच हात वापरून यान स्थानकाच्या दारापर्यंत आणतात आणि बोल्ट आवळले जातात.

५ ऑक्टोबर २०२० रोजी भारतात दुपारचे तीन वाजून गेले होते, तेव्हा नासाचे ख्रिस कॅसिडी यांनी एस. एस. कल्पना चावला यानाला धरलं. त्या दिवशी स्थानकावर कॅसिडी आणि दोन रशियन अंतराळवीर असे तिघंच होते.

ही यांत्रिक हाताची कामगिरी कल्पना चावला यांच्या ओळखीची होती. नोव्हेंबर १९९७ मध्ये पहिल्या मोहिमेवर शटलचा यांत्रिक हात चालवण्याची मुख्य जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या मोहिमेत सोडलेला स्पार्टन नावाचा उपग्रह नीट चालू झाला नाही आणि परत पकडताना गिरकी घेऊ लागला. शेवटी दोन अंतराळवीरांनी बाहेर जाऊन तो हातांनी धरला. त्या वेळी बोट चावला यांच्याकडे दाखवलं गेलं. पुढे नासाच्या चौकशीत दोष संगणकप्रणाली आणि ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत निघाला आणि त्या निर्दोष ठरल्या. त्यानंतरच २००३ च्या मोहिमेसाठी त्यांची निवड झाली.

आणखी एक बाब अनेकांना माहीत नसते. चावला दोनदा अंतराळात गेल्या, पण या स्थानकावर कधीच गेल्या नाहीत. १९९७ साली स्थानक अस्तित्वातच नव्हतं. २००३ ची मोहीम स्वतंत्र संशोधनाची होती, त्यात ऐंशीच्या आसपास प्रयोग होते, आणि ती स्थानकाकडे जाणारच नव्हती. त्यांच्या नावाचं यान मात्र स्थानकाला तीन महिने जोडलेलं राहिलं.

मालात काय होतं?

*स्वच्छतागृह.* या फेरीत सर्वांत जास्त चर्चा झाली ती नव्या संडासाची. विकासाचा खर्च २ कोटी ३० लाख डॉलर. आधीच्या अमेरिकी संडासापेक्षा तो ६५ टक्के लहान आणि ४० टक्के हलका आहे. स्त्रियांना वापरायला सोयीचा व्हावा म्हणून त्याच्या रचनेत बदल केले गेले. गुरुत्वाकर्षण जाणवत नसल्यामुळे तिथे मलमूत्र खाली पडत नाही, ते हवेच्या ओढीने खेचून घ्यावं लागतं. लघवी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेकडे जाते. चंद्राकडे जाणाऱ्या ओरायन यानासाठीही हाच आराखडा घेतला आहे.

*मुळा.* मुळ्याचं बी आणि लागवडीचं सामान याच फेरीत होतं. मुळा निवडण्याचं कारण सोपं आहे. तो महिन्याच्या आत, २७ दिवसांत तयार होतो, कच्चा खाता येतो आणि शास्त्रज्ञांनी खूप अभ्यासलेल्या मोहरीवर्गीय रोपाचा तो भाऊबंद. ३० नोव्हेंबर २०२० रोजी केट रुबिन्स यांनी वीस मुळे काढले, फॉइलमध्ये गुंडाळले आणि तपासणीसाठी थंड जागी ठेवले. चंद्रावर किंवा मंगळावर लांबचा मुक्काम करायचा तर सगळं अन्न खालून नेणं परवडणार नाही, त्याची ही तयारी.

*औषधं.* रक्ताच्या कर्करोगावरच्या संभाव्य औषधांची चाचणी करणारा एक प्रयोग होता.

*सौंदर्यप्रसाधन.* एस्टी लॉडर या कंपनीच्या त्वचेला लावायच्या सीरमच्या दहा बाटल्याही गेल्या. त्या वापरायला नव्हत्या, स्थानकाच्या खिडकीपाशी तरंगताना फोटो आणि चित्रीकरण करायचं होतं. नासाने २०१९ मध्ये स्थानकाचा काही वेळ व्यापारी कामासाठी खुला केला, तेव्हा अंतराळवीराच्या एका तासाचा दर १७,५०० डॉलर होता. या कामाचे १ लाख २८ हजार डॉलर ठरल्याचं सांगितलं गेलं. म्हणजे वरच्याच भावाने सुमारे १ कोटी ९ लाख रुपये. सरकारी पैशाने उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेत जाहिरात का, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. नासाचं म्हणणं असं की पुढे पृथ्वीजवळची स्थानकं खासगी व्हायची असतील तर गिऱ्हाईक आत्तापासून तयार करायला हवं.

परतीचं भाडं नाही, पण परतीचं काम आहे

ट्रकवाल्याला परतीचा माल मिळाला तर फेरी परवडते. सिग्नसच्या बाबतीत परतीचा माल म्हणजे स्थानकाचा कचरा. वापरलेले कपडे, रिकामी पाकिटं, निकामी यंत्रं या डब्यात भरली जातात. सिग्नसला परतताना होणारी उष्णता सोसणारं कवच नसतं. ते वातावरणात शिरलं की जळतं आणि उरलेले तुकडे दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्जन भागात पडतात. जे परत आणायचं असतं, उदाहरणार्थ ते मुळे, ते ड्रॅगनमधून येतं. कारण ड्रॅगन सुखरूप उतरू शकतं. दोन वाहतूकदार ठेवण्याचा हाही एक उपयोग.

६ जानेवारी २०२१ रोजी स्थानक सोडल्यावर या यानाने आणखी एक काम केलं. त्याच्या पोटात एका बंद पेटीत मुद्दाम आग लावली गेली. अंतराळात ज्योत वर उठत नाही. तिथे गरम हवा हलकी होऊन वर जाण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून आग वेगळ्याच तऱ्हेने पसरते. माणसं असलेल्या यानात असा मोठा प्रयोग करता येत नाही. माणूस नसलेलं आणि नाहीतरी जळूनच जाणारं मालवाहू यान त्यासाठी सोयीचं. सॅफायर नावाच्या या मालिकेतला हा पाचवा प्रयोग होता. पहिला २०१६ मध्ये झाला, तो एस. एस. रिक हसबंड या यानात. हसबंड हे कोलंबियाचे कमांडर.

प्रयोगाची माहिती जमिनीवर पाठवून झाल्यावर २६ जानेवारीला यानाचं इंजिन शेवटचं चालवलं गेलं आणि ते वातावरणात शिरून जळालं. या वेळचा शेवट आधीच ठरवलेला होता आणि आत कोणी नव्हतं. सिग्नसच्या पुढच्या फेऱ्यांना कोलंबियाच्या आणखी दोघांची नावं मिळाली : २०२३ मध्ये लॉरेल क्लार्क, २०२५ मध्ये विल्यम मॅककूल.

त्यानंतर काय झालं?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ज्या रॉकेटची इंजिनं एका देशाची आणि टाकी दुसऱ्या देशाची होती, त्याचं उत्पादनच थांबलं. शिल्लक सामग्रीवर या प्रकारच्या अंटारेसची शेवटची फेरी ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. जानेवारी २०२४ पासून सिग्नस चक्क प्रतिस्पर्धी स्पेसएक्सच्या फाल्कन-९ वरून जाऊ लागलं. यानं दोन राहिली, पण रॉकेट एकच झालं. फाल्कन काही कारणाने बंद राहिलं तर अमेरिकेच्या दोन्ही यानांची वाट एकदम अडते. २००८ मध्ये टाळायचा होता तो धोका काही प्रमाणात परत आला आहे. नॉर्थ्रॉप ग्रमन आता अमेरिकी इंजिनांचं नवं अंटारेस बनवण्याच्या कामात आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या आकाराचं सिग्नस पहिल्यांदा गेलं आणि त्याने सुमारे पाच टन माल नेला. वाटेत त्याचं मुख्य इंजिन ठरल्या वेळेआधी बंद पडलं, म्हणून ते एक दिवस उशिरा पोहोचलं.

भारतासाठी याचा अर्थ

जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला या स्थानकावर गेलेले पहिले भारतीय ठरले. त्यांनी तिथे मूग आणि मेथी रुजवून पाहिली. हा प्रयोग धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने आणि धारवाडच्याच आयआयटीने तयार केला होता. बेळगावपासून दोन तासांच्या आत असलेल्या गावातलं बियाणं स्थानकावर मोडावलं, असं म्हणायला हरकत नाही. कर्नाटक सरकार तरुण महिला शास्त्रज्ञांना कल्पना चावला यांच्या नावाने पुरस्कारही देतं. आणि २००२ मध्ये सोडलेल्या भारताच्या हवामान उपग्रहाचं नाव, अपघातानंतर चारच दिवसांनी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी कल्पना-१ असं जाहीर केलं होतं.

भारताला २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक उभं करायचं आहे. त्याचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवण्याचं उद्दिष्ट आहे. दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडण्याची चाचणी इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी यशस्वी केली. पण स्थानक बांधणं हा एकदाचा खर्च आहे, तिथे माणूस ठेवणं हा कायमचा. दर काही महिन्यांनी अन्न, पाणी आणि सुटे भाग कोण नेणार, कोणत्या रॉकेटवरून, काय दराने, आणि ते रॉकेट बंद पडलं तर पर्याय कोणता, हे सगळं आधी ठरवावं लागेल. भारतात अंतराळ क्षेत्र २०२० पासून खासगी कंपन्यांसाठी खुलं झालं आहे. त्यामुळे मालवाहतुकीचा असा करार उद्या इथेही निघू शकतो. तेव्हा दराची तुलना करणाऱ्यांनी २००४ च्या डिसेंबरात खाणं कमी करून प्रोग्रेसची वाट पाहणाऱ्या त्या दोघांचाही हिशेब धरायला हवा.